रिकामी खोली कोण ठरवतं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची निम्मी हयात शाळेसाठी जागा मिळवण्यात गेली, असं संयोजकांनी मला सांगितलं. देवळाची ओसरी, धर्मशाळा, कुणाच्या तरी वाड्याची पडवी, मिळेल तिथे वर्ग भरायचा. ते ऐकून मी ठरवलेला विषय बदलला. शिक्षणाच्या ध्येयांवर आपण पुष्कळ ऐकतो. आज मी भिंती, खोल्या आणि भाडं यांच्यावर बोलणार आहे. उदाहरण मात्र न्यूयॉर्क शहरातलं आहे. जागेच्या भांडणात शिक्षणाचं राजकारण तिथे जितकं उघडं पडलं, तितकं दुसरीकडे क्वचितच पडलं असेल.

ते भांडण चार्टर शाळांना द्यायच्या जागेवरून झालं, म्हणून आधी चार्टर शाळा म्हणजे काय ते पाहू. आपल्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. पैसा सरकारचा आणि व्यवस्थापन खासगी संस्थेचं, ही रचना महाराष्ट्राने १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून पाहिली आहे. रयत शिक्षण संस्था काय किंवा गावोगावच्या अनुदानित शाळा काय, सगळ्या याच वाटेने उभ्या राहिल्या. चार्टर शाळेत दोन गोष्टी वेगळ्या असतात. पहिली, शाळेला ठरावीक वर्षांचा करार मिळतो आणि निकाल दाखवला नाही तर तो काढून घेता येतो. दुसरी, फी घेता येत नाही आणि अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. मूल शाळेत आलं की त्याच्यामागे सरकारी पैसा येतो. मूल गेलं की पैसाही जातो.

या कल्पनेचा उगम आज तिथले बरेच लोक विसरले आहेत. मॅसॅच्युसेट्समधले प्राध्यापक रे बडी यांनी ती मांडली आणि १९८८ साली अल्बर्ट शँकर यांनी ती देशभर नेली. शँकर कोण? अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या बलाढ्य शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. त्यांच्या डोळ्यांपुढे होतं ते असं: एखाद्या सरकारी शाळेतल्या काही शिक्षकांनी एकत्र यावं, त्याच इमारतीत वेगळ्या पद्धतीची छोटी शाळा काढावी आणि काही वर्षं मोकळेपणाने प्रयोग करावा. म्हणजे एका इमारतीत दोन शाळा हे मूळ स्वप्नातच होतं, फक्त दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांचे सहकारी असणार होते. १९९१ साली मिनेसोटाने पहिला कायदा केला. काही वर्षांतच खासगी कंपन्या या क्षेत्रात शिरू लागल्या आणि शँकर स्वतःच या कल्पनेचे कडवे टीकाकार झाले.

न्यूयॉर्क राज्याचा कायदा डिसेंबर १९९८ मध्ये झाला. गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी तो विधिमंडळाच्या पगारवाढीशी जोडला होता. आमदारांना वाढ हवी होती, गव्हर्नरांना चार्टर शाळा हव्या होत्या, आणि सौदा झाला. राज्यभर शंभर शाळांची मर्यादा ठरली. ती २००७ मध्ये दोनशे आणि २०१० मध्ये ४६० झाली. २०१० च्या वाढीमागे ओबामा सरकारच्या ‘रेस टू द टॉप’ योजनेतला पैसा होता. चार्टरना वाव देणाऱ्या राज्यांना त्या स्पर्धेत गुण मिळत होते, आणि न्यूयॉर्कने पुढे त्यातून सुमारे ७० कोटी डॉलर मिळवले.

या कायद्यात एक मोठी फट होती. दर मुलामागे चालू खर्चाचा पैसा होता, इमारतीसाठी वेगळी तरतूद नव्हती. ओहायोत किंवा ॲरिझोनात एखादं बंद पडलेलं दुकान भाड्याने घेऊन शाळा काढता येते. न्यूयॉर्क शहरात भाड्यानेच शाळा बुडाली असती. ही फट मायकेल ब्लूमबर्ग यांनी बुजवली. २००२ मध्ये ते महापौर झाले आणि त्याच वर्षी शहरातल्या शाळांचा कारभार थेट महापौरांच्या हाती आला. त्यांचे शिक्षणप्रमुख जोएल क्लाइन यांनी सरकारी शाळांच्या इमारतींत चार्टरना जागा द्यायला सुरुवात केली. भाडं नाही, वीजबिल नाही, सुरक्षारक्षक शहराचे, सफाई शहराची. याला तिथे को-लोकेशन म्हणतात. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहराने एवढ्या सढळ हाताने चार्टरना जागा दिली नव्हती.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. जागा देण्यासाठी ती आधी रिकामी असायला हवी. रिकामी आहे हे कोण ठरवणार?

हार्लेमसारख्या वस्तीत जुन्या, भक्कम, चार-पाच मजली शाळा आहेत. त्या बांधल्या तेव्हा वस्ती दाट होती. पुढे सरकारी शाळांचा पट घसरला, त्यामुळे काही वर्ग खरोखरच ओस पडले होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शहराच्या शिक्षण खात्याकडे मोजणीची एक पद्धत होती. इतकी मुलं असतील तर इतके वर्ग, इतके छोटे कक्ष, इतकी कार्यालयं, असा प्रत्येक शाळेचा ठसा काढायचा. त्याला म्हणतच ‘इन्स्ट्रक्शनल फूटप्रिंट’. ठशाबाहेर उरेल ते जादा. शिवाय ‘ब्लू बुक’ नावाचा वार्षिक अहवाल निघे. त्यात प्रत्येक इमारतीच्या क्षमतेपैकी किती टक्के वापर होतो हे छापलेलं असे.

कागदावर हे निर्दोष दिसतं. शाळेत जाऊन पाहिलं की वेगळं दिसतं. मुख्याध्यापकांनी पट कमी झाल्याचा फायदा घेऊन एका खोलीत चित्रकलेचा वर्ग केलेला असे, दुसरीत प्रयोगशाळा. तिसरीत वाचा-उपचारतज्ज्ञ एकेका मुलाला घेऊन बसत. चौथीत पालकांची बैठक होई. गरीब वस्तीतल्या शाळेला पहिल्यांदाच जराशी ऐसपैस जागा मिळाली होती. सूत्रात या सगळ्याला पुरेशी जागा नव्हती. मग खोली ‘जादा’ ठरे, आणि वाचा-उपचार जिन्याखाली नाहीतर दालनाच्या टोकाला पडदा लावून चाले. वर्गातल्या मुलांची संख्या कमी ठेवणं ही ज्या शाळेची कमाई होती, तिच्याच नावावर मोजणीत रिकाम्या जागा चढत.

दोन शाळा एका छताखाली आल्या की वेळापत्रकाचं राजकारण सुरू होतं. जेवणाचा हॉल एक, व्यायामशाळा एक, सभागृह एक, अंगण एक. कुणाची मुलं कधी जेवणार? पाळ्या लागल्या की कुणाच्या तरी वाट्याला सकाळी दहा-साडेदहाचं ‘दुपारचं’ जेवण येतं. एका मजल्यावर देणगीच्या पैशाने नवा रंग आणि नवी बाकं, खालच्या मजल्यावर पोपडे. शेजारच्या मुलाच्या वर्गात काय आहे हे मुलाला दारातून दिसतं. ही विषमता इतकी डोळ्यांवर येऊ लागली की २०१० च्या दुरुस्तीत एक कलम घालावं लागलं. चार्टर शाळेने इमारतीत पाच हजार डॉलरच्या वर काही सुधारणा केली, तर त्याच इमारतीतल्या सरकारी शाळेसाठीही तेवढा खर्च करायचा. कायद्याला रंगाच्या डब्यांची दखल घ्यावी लागली, यावरून भांडण किती जवळून चाललं होतं ते ध्यानात येईल.

जागावाटपाला मंजुरी देणारं एक मंडळ होतं, पॅनेल फॉर एज्युकेशनल पॉलिसी. तेरा सदस्य, त्यांतले आठ महापौरांनी नेमलेले आणि त्यांच्या मर्जीवर राहणारे. ब्रुकलिन टेक शाळेच्या प्रचंड सभागृहात त्याच्या सुनावण्या रात्री उशिरापर्यंत चालत. पालक रडत, ओरडत, फलक नाचवत, आणि शेवटी प्रस्ताव मंजूर होई. निकाल आधीच ठरलेल्या सुनावण्या आपल्यालाही नव्या नाहीत.

चार्टरवाल्यांची बाजू कच्ची होती असा समज मात्र करून घेऊ नका. एव्हा मॉस्कोविट्झ हे नाव इथे घ्यावं लागेल. त्या शहराच्या कौन्सिलवर होत्या, शिक्षण समितीच्या अध्यक्षा होत्या. शिक्षक संघटनेच्या करारातल्या कलमांवर त्यांनी जाहीर सुनावण्या घेतल्या आणि संघटनेचा रोष ओढवून घेतला. २००५ मध्ये मॅनहॅटन या शहरविभागाच्या, म्हणजे बरोच्या, अध्यक्षपदाची निवडणूक त्या हरल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी हार्लेममध्ये पहिली सक्सेस अकॅडमी काढली. २०१३ साली राज्यात नव्या, कठीण परीक्षा आल्या. शहरातली जेमतेम ३० टक्के मुलं गणितात उत्तीर्ण झाली. सक्सेसच्या शाळांत हे प्रमाण ८२ टक्के होतं. आणि ही मुलं बहुतांशी गरीब, काळी आणि लॅटिनो घरांतली होती.

या आकड्यांवर शंका घेणारे आहेत. सक्सेस तेव्हा वरच्या वर्गांत नवी मुलं घेत नसे, शिस्त कडक आहे, तीव्र अपंगत्व असलेली आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं तिथे शेजारच्या शाळेपेक्षा कमी असतात. २०१५ मध्ये त्यांच्या ब्रुकलिनमधल्या एका शाळेत, काढून टाकायच्या मुलांची यादीच मुख्याध्यापकाने केल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं. हे सगळं जमेस धरूनही माझं मत असं, की ते निकाल निव्वळ हातचलाखी नाहीत. हार्लेममधली एखादी आई सोडतीच्या दिवशी चिठ्ठी निघावी म्हणून डोळे मिटून बसते, तिला चार्टरना देणग्या देणाऱ्या वॉल स्ट्रीटच्या कारस्थानाचं प्यादं म्हणणं हा तिचा अपमान आहे.

पण तिच्याइतकीच खरी आई खालच्या मजल्यावर आहे. २०११ मध्ये शहराची शिक्षक संघटना आणि काळ्या नागरिकांची जुनी, मानाची संस्था एनएएसीपी यांनी शाळा बंद करण्याच्या आणि को-लोकेशनच्या निर्णयांविरुद्ध दावा लावला. तेव्हा हार्लेममध्ये एनएएसीपीच्याच विरोधात चार्टर शाळांच्या काळ्या पालकांनी मोर्चा काढला. न्यायालयाने त्या जुलैत स्थगिती नाकारली. गोऱ्या, सधन वस्त्यांतल्या बहुतेक शाळा इतक्या भरलेल्या होत्या की तिथे हा प्रश्नच उभा राहत नव्हता. गरिबांच्या इमारतीत गरिबांनीच एकमेकांशी खोल्यांसाठी भांडावं, अशी ही व्यवस्था होती. जाता जाता एक गंमत सांगतो. याच शिक्षक संघटनेने २००५ मध्ये ब्रुकलिनमध्ये स्वतःची चार्टर शाळा काढली होती, आणि तीही सरकारी इमारतीतच. तिचे आठवीपर्यंतचे वर्ग २०१५ मध्ये बंद करावे लागले.

२०१३ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत बिल डी ब्लासिओ हे शहर दोन भागांत दुभंगलं आहे असं सांगत उभे राहिले. ज्या चार्टर संस्थांकडे भरपूर पैसा आहे त्यांनी भाडं द्यावं, असं ते म्हणाले. मॉस्कोविट्झ यांचं वार्षिक वेतन पावणेपाच लाख डॉलरच्या घरात होतं, त्यामुळे टाळ्या मिळायला अडचण नव्हती. ऑक्टोबरमध्ये हजारो चार्टर पालक-विद्यार्थी ब्रुकलिन पुलावरून चालत गेले. नोव्हेंबरमध्ये डी ब्लासिओ प्रचंड मतांनी निवडून आले.

२७ फेब्रुवारी २०१४ ला त्यांच्या प्रशासनाने निर्णय जाहीर केला. ब्लूमबर्ग यांनी जाता जाता मंजूर केलेले चार्टरचे १७ प्रस्ताव त्यांच्यापुढे होते. त्यांतले १४ त्यांनी कायम ठेवले. तीन थांबवले, आणि तिन्ही सक्सेसचे निघाले. कारणं वाईट नव्हती. दोन ठिकाणी लहान मुलांची शाळा हायस्कूलच्या इमारतीत जाणार होती. तिसरं ठिकाण हार्लेममधल्या पीएस १४९ या सरकारी शाळेची इमारत. तिथे विशेष गरजा असलेल्या मुलांची मिकी मँटल शाळा भरते, आणि सक्सेसचा एक विभाग आधीच तिथे होता. आता सक्सेसला वरचे वर्ग वाढवायचे होते. त्यासाठी मिकी मँटल शाळेची जागा आणखी आकसली असती.

राजकारणाच्या दृष्टीने मात्र हा निर्णय घोडचूक ठरला. हार्लेममधल्या सक्सेसची १९४ मुलं जागेवाचून उरली. ही मुलं वाढीव जागेच्या भरवशावर आधीच शिकत होती. आठवडाभरात त्यांचे चेहरे दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींत झळकू लागले. ‘फॅमिलीज फॉर एक्सलंट स्कूल्स’ नावाच्या संघटनेने जाहिरातींवर लाखो डॉलर ओतले. १४ मंजुऱ्या कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. मिकी मँटल शाळेतल्या मुलांना जाहिरात नव्हती. त्यांच्यातल्या अनेकांना कॅमेऱ्यासमोर बोलता आलं असतं का, हाही प्रश्नच आहे. ज्याला बोलता येत नाही त्याची खोली आधी जाते, हे मोजणीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नसतं.

४ मार्चला राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, एकाच दिवशी दोन सभा झाल्या. डी ब्लासिओ पाच लाख डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर कर बसवून सगळ्या चार वर्षांच्या मुलांना बालवाडी द्या, असं मागायला गेले होते. मॉस्कोविट्झ यांनी त्या दिवशी आपल्या शाळा बंद ठेवून मुलांना, पालकांना बसगाड्यांतून तिथे नेलं. गव्हर्नर अँड्र्यू क्वोमो त्यांच्या मंचावर चढले आणि चार्टर शाळा वाचवण्याचं वचन देऊन आले. क्वोमो आणि डी ब्लासिओ दोघेही डेमोक्रॅट, एकेकाळचे सहकारी. सरकारी शाळा बंद ठेवून मुलांना राजकीय सभेला नेलं असतं तर काय गदारोळ उठला असता, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, आणि तो रास्त होता.

महिन्याच्या अखेरीस राज्याच्या अर्थसंकल्पात कलम आलं. न्यूयॉर्क शहरातल्या नव्या किंवा वाढणाऱ्या चार्टर शाळेने जागा मागितली की शहराने सरकारी इमारतीत फुकट जागा द्यायची, नाहीतर बाहेरच्या जागेचं भाडं भरायचं. भाड्याची मर्यादा दर मुलाच्या अनुदानाच्या २० टक्के, म्हणजे तेव्हा पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास. पुढे ती ३० टक्के झाली. बालवाडीसाठी महापौरांना ३० कोटी डॉलर मिळाले, पण श्रीमंतांवरचा कर मिळाला नाही. एप्रिलमध्ये शहराने सक्सेसच्या तिन्ही शाळांसाठी बंद पडलेल्या कॅथलिक शाळांच्या इमारती भाड्याने घेतल्या. जो माणूस भाडं मागायला निघाला होता, तो भाडं भरू लागला.

वीस टक्के हा आकडा ऐकून सभागृहातल्या काही शिक्षकांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मला दिसतंय. आझाद मैदानावर वीस टक्के, चाळीस टक्के टप्पा अनुदानासाठी ज्यांनी ऊन-पाऊस अंगावर घेतला, त्यांना टक्क्यांचं महत्त्व सांगायला नको. पण दोन्हींत फरक आहे. आपल्या विनाअनुदानित शिक्षकांना शासनाने मंजूर केलेलं पदरात पडायला वर्षानुवर्षं लागतात. न्यूयॉर्कमधल्या चार्टर संस्थांना एका महिन्यात कायदा बदलून मिळाला. कारण त्यांच्या गरजेला संघटना होती, जाहिरात होती, आणि राजधानीत ऐकणारा होता.

माझा आक्षेप भाडं देण्याला नाही. चार्टर शाळा हव्या असतील तर त्यांना छप्पर लागणारच, आणि तो खर्च उघडपणे अर्थसंकल्पात दिसलेला बरा. आक्षेप असा आहे की इमारत शहराची, पट शहराचा, तक्रार करायला येणारे पालकही शहराचे, आणि हक्क मात्र ऑल्बनीने लिहून दिला. नगरपित्यांना ‘या इमारतीत आता जागा नाही’ असं म्हणण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत त्यांच्याच तिजोरीतून जाते. मग मोजणी करणारा अधिकारी खोली रिकामी ठरवण्याकडे झुकणार, यात नवल काय?

आणि मोजमाप बदललं की खोलीही बदलते. २०२२ मध्ये याच राज्याने शहरातल्या वर्गांच्या आकारावर मर्यादा घातली. बालवर्ग ते तिसरीपर्यंत जास्तीत जास्त २० मुलं, चौथी ते आठवी २३, पुढे २५. टप्प्याटप्प्याने काही वर्षांत हे पूर्ण व्हायचं आहे. काल जी खोली जादा होती ती आज लागणार. तरीही २०२३ मध्ये राज्याने शहरात आणखी १४ चार्टर शाळांची वाट मोकळी केली. शिक्षक संघटना सक्सेसच्या नव्या को-लोकेशनविरुद्ध न्यायालयात गेली, ती याच वर्ग-आकाराच्या कायद्याचा आधार घेऊन. एकच विधिमंडळ एका हाताने खोल्या मागतं आणि दुसऱ्या हाताने देतं.

आता थोडं घरचं. मुंबई महापालिकेच्या इमारतीत एका छताखाली अनेक शाळा हे दृश्य जुनं आहे. आठ माध्यमं, सकाळ-दुपारची सत्रं, एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू, तिसऱ्यावर हिंदी. मुंबई-पुण्यात आकांक्षासारख्या संस्था पालिकेशी करार करून पालिकेच्याच इमारतींत इंग्रजी शाळा चालवतात, आणि चांगल्या चालवतात. गेल्या काही वर्षांत ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने पालिकेनेच केंद्रीय मंडळाच्या शाळा काढल्या. मराठी माध्यमाचा पट घटतो, वर्ग एकत्र होतात, खोली मोकळी होते, आणि तिथे नवी शाळा येते. पालक मराठी सोडून जातात म्हणून खोली रिकामी होते, की खोलीत काही उरलं नाही म्हणून पालक जातात? दोन्ही होतं. पण आपल्या बैठकांत पहिलंच कारण छापलं जातं. गावाकडच्या कमी पटाच्या शाळांची गोष्टही हीच आहे. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या तक्त्यात शिक्षकाचं पद उडतं, मग वर्ग उडतो. तिथे ग्रंथालयाची खोली, आजारी मुलीला टेकायची खोली, आईला येऊन बसायची जागा, यांना रकाना नसतो.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावेत असं कायदा म्हणतो. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा आहे. त्या आराखड्यात प्रत्येक खोलीपुढे तिचा वापर लिहावा. तो आराखडा पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पटलावर ठेवल्याशिवाय कुठलीही खोली दुसऱ्या संस्थेला, दुसऱ्या माध्यमाला किंवा दुसऱ्या खात्याला देऊ नये, एवढा एक नियम आपण मागू शकतो. संस्था चांगली असेल तर समितीच तिला बोलावील. अशी उदाहरणं घडतील याची मला खात्री आहे. आणि समिती नाही म्हणाली, तर तिचं कारण इतिवृत्तात तिच्याच शब्दांत नोंदवलं जावं. पीएस १४९ च्या इमारतीत मिकी मँटल शाळेच्या पालकांना ही सोय मिळाली असती, तर निदान त्यांची खोली कशासाठी लागते हे कुठेतरी लिहिलेलं राहिलं असतं, आणि ४ मार्चच्या सभेत मंचावरून बोलणाऱ्यांना ते वाचून मग बोलावं लागलं असतं.